जामठ्याच्या पुढे घर घ्यावं का? (नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोड, बजेट ४५ लाखांच्या आत)

ऊनपाऊस:
नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, घरात दुसरा विषय नाही. म्हणून आता तुमच्यापुढे टाकतो.

त्रिमूर्तीनगरात आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहतोय. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, दिवाळीच्या आत घर मोकळं करून द्या म्हणाले. त्यांचंही बरोबरच आहे. माझं ऑफिस सिव्हिल लाइन्सला. बायको शिक्षिका, शाळा रेशीमबागेकडे, सकाळी सातला भरते. मुलगी नववीत, शाळा लक्ष्मीनगर, संध्याकाळची शिकवणी शंकरनगर. आई आमच्याजवळ असते. वय ७१, गुडघे सोडले तर ठणठणीत.

दोन घरं पाहून झाली. पहिलं जामठ्याच्या पुढे, हायवेपासून दीड किलोमीटर आत, नवी फ्लॅट स्कीम. ३ बीएचके, सगळं धरून ४४ लाख, ताबा तीन महिन्यांत. दुसरं नरेंद्रनगरात, १८ वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये. २ बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५३ लाख. हाताशी १० लाख आहेत, बाकी कर्ज.

रविवारी जामठ्याला जाऊन आलो. छत्रपती चौकातून निघालो ते वीस मिनिटांत स्कीमच्या गेटवर. तिथला पोरगा तोंडपाठ असल्यासारखा बोलत होता: "एअरपोर्ट दहा मिनिटं सर, एम्स दहा मिनिटं, मेट्रो तं समजा आलीच." बायकोला ओटा आवडला, मला गॅलरी. समोर तुरीचं शेत आणि त्याच्यापलीकडे नुसतं आभाळ. काटोल सोडल्यापासून एवढं आभाळ एकदम पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारपर्यंत पाच लाख बयाना दिला तर पार्किंग फुकट म्हणतो. काय करू?

तर्रीबाज:
रविवारी अकरा वाजता तं मी बी लग्नात टायमावर पोचतो राजेहो. सोमवारी सकाळी नऊले त्या गेटवरून निंघा अन् सिव्हिल लाइन्सले किती वाजता पोचता ते इथं लिहा. मंग बोलू.

मुळा_ते_नाग:
सिताबर्डी ते जामठा सोळा-सतरा किमी असेल. आम्ही वाघोलीहून हिंजवडीला जातो हो! नागपूरकरांना दहा किलोमीटर म्हणजे परदेश वाटतो. घ्या बिनधास्त.

मनीषनगरकर:
@मुळा_ते_नाग, पुण्यात सगळेच लांब राहतात, त्यामुळे कोणीच लांब नसतं. नागपुरात भाऊ, मामा, मित्र, डॉक्टर, किराणावाला, सगळे पंधरा मिनिटांच्या आत. त्यातून तुम्ही एकटे उठून पंचेचाळीस मिनिटांवर गेलात की लोक येणं बंद करतात. भांडण वगैरे काही होत नाही. "येऊ एखाद दिवशी" म्हणतात आणि तो दिवस येत नाही.

मी २००६ साली मनीषनगरात घेतलं तेव्हा सासरे म्हणाले होते, जावईबापू, तिकडे कोल्हे राहतात. त्यानंतरची कित्येक वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेली. मालगाडी आली की स्कूटर बंद करायची, पंधरा मिनिटं डब्बे मोजायचे. एकदा मुलाला ताप होता, कुशीत घेऊन बायको ऑटोत बसलेली, आणि समोर कोळशाची गाडी संपता संपेना. आता उड्डाणपूल आहे, अंडरपास आहे, उज्ज्वलनगरला मेट्रो आहे आणि तेच सासरे भाव विचारतात. म्हणजे माझा निर्णय बरोबर ठरला. फक्त तो बरोबर ठरेपर्यंत मुलगा कॉलेजात गेला होता.

शिफ्टवाला:
मी एअरपोर्टजवळच्या मिहानमध्ये, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या पट्ट्यात कामाला आहे. मला जामठा म्हणजे स्वर्ग, बाइकने दहा-बारा मिनिटं, तेही शहराच्या उलट्या दिशेने. तुमचं ऑफिस सिव्हिल लाइन्स, शाळा रेशीमबाग. तुमच्या घरात दक्षिणेकडे कोणाचं काम आहे?

ऊनपाऊस:
कोणाचंच नाही. हे मी असं कधी मांडूनच पाहिलं नव्हतं.

पटवारीबुवा:
महसूल खात्यात ३१ वर्षं घालवली, त्यामुळे माझी दृष्टी कागदाची आहे. अंतराचं बाकीचे सांगतीलच.

आधी बयाना. रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात (कलम १३) स्पष्ट आहे: नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. "सगळं धरून" ४४ म्हणजे फ्लॅटची मूळ किंमत ४० च्या आसपास असेल. मग पाच लाख कुठल्या हिशोबात? फुकट पार्किंगच्या नादाने लोक हीच सही करतात. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका आणि पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली आहे ते पाहा. ब्रोशर वाचण्यापेक्षा ते वाचा.

दुसरं, ताबा तीन महिन्यांत म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) आजच्या तारखेला नाही. मग जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा आल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. त्या ४४ मध्ये कुठला टक्का धरलाय ते लेखी मागा. रजिस्ट्री फक्त सूनबाईंच्या नावे केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हेही घरात बोलून ठेवा. दोघांची नावं टाकली की ती जाते.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: मौजा (गाव) कुठला, जमिनीचा खसरा नंबर काय आणि नकाशा मंजूर कोणी केला? २०१७ पासून शहराबाहेरचा हा पट्टा एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आहे. "ग्रामपंचायतीची परवानगी आहे साहेब" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या वकिलाकडून नको. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे टायटल साफ, ही समजूत मी शेकडो लोकांच्या तोंडून ऐकली. त्यातले काही नंतर माझ्या टेबलासमोर रडले.

नागपुरात '१९००' आणि '५७२' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटचं काय झालं ते जुन्या लोकांना विचारा. सोसायटीची पावती घेऊन माणसं घरं बांधून मोकळी झाली आणि आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) मिळवायला नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) पायऱ्या झिजवत बसली. असे अनधिकृत प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि त्याची कामं घेऊन लोक माझ्या निवृत्तीपर्यंत येत होते. तुमची स्कीम तशी असेल असं नाही. पण कागद घरी आणून दिव्याखाली वाचा.

तर्रीबाज:
बुवा, तुम्ही लिवता तेव्हा मले माह्या घराचा कागद बी पाहावासा वाटते. मंग नाही पाहात.

हिशोबी:
३४ लाख कर्ज, २० वर्षं, व्याज ८.५ टक्के धरलं तर लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये. म्हणजे हप्ता साडेएकोणतीस हजार. नरेंद्रनगरला ४३ लाख कर्ज लागेल, हप्ता ३७,३०० च्या वर. फरक पावणेआठ हजारांचा. इथपर्यंत जामठा जिंकतं.

आता दोन दुचाक्या. दोघांचं जाऊन-येऊन प्रत्येकी ४० किमी, ॲव्हरेज ४५, पेट्रोल शंभराच्या वर. महिन्याला दोन गाड्यांचं साडेचार हजार तरी धरा, टायर-सर्व्हिसिंग वेगळं. मुलीच्या शिकवणीची ने-आण धरली की फरक दोन-अडीच हजारांवर येतो. त्या अडीच हजारांसाठी दोघं मिळून दिवसाचे अडीच तास जास्त रस्त्यावर. तासाचा भाव तुम्हीच काढा, मला काढवत नाही.

"घेऊन भाड्याने देऊ" असा विचार असेल तर त्या भागात आधी भाडी विचारून या. हप्त्याचा तिसरा हिस्सा निघाला तर मला कळवा.

मुळा_ते_नाग:
पण मेट्रोचा दुसरा टप्पा येतोय ना? भाव दुप्पट होतील.

हिशोबी:
येतोय. ४३.८ किमीचा टप्पा, केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ ची, त्यात वर्धा रोडवरून बुटीबोरीपर्यंतची लाइन आहे. पण जी मेट्रो घेऊन तुम्ही आज ऑफिसला जाऊ शकता ती खापरीला संपते. घर भावासाठी घ्यायचं की राहायला, हे धागाकर्त्याने ठरवावं. दोन्हींचे हिशोब वेगळे आहेत आणि बिल्डर ते मुद्दाम एकत्र करून सांगतो.

वाळवण:
मी तिथेच राहते. अगदी त्याच स्कीममध्ये नाही, पण हायवेच्या त्याच बाजूला, आत. चार वर्षं झाली. खरं खरं लिहिते.

काळी माती. हायवे सोडून आत आलात की डांबर अर्ध्या रस्त्यात संपतं. पहिल्या पावसात ती माती चपलेला धरते, दुसऱ्या पावलाला तिच्यावर आणखी चढते, दहाव्या पावलाला पायात एकेक किलोची वीट. गाडीचं मडगार्ड भरून चाक जाम होतं. मी डिक्कीत कायम एक बांबूची काडी ठेवते, माती उकरायला. आणि हीच माती उन्हाळ्यात तडकते. ओट्याच्या भिंतीला आमच्याकडे करंगळी जाईल एवढी भेग आहे. बिल्डरचा माणूस येतो, पुट्टी भरतो, मे महिन्यात ती परत उघडते. पाया किती खोल नेलाय आणि खाली मुरूम लागला होता का, हे विचारा. ओट्याचा ग्रॅनाइट नंतर पाहा.

पाणी. बोअर आहे. एप्रिलपर्यंत छान चालतं. मग मोटर सुरू केली की आधी हवा येते, मग गढूळ, मग पाणी. टँकर बोलवावा लागतो. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, आणि आमचे दोन कूलर दिवसाला दीडशे लिटर तरी पितात. पहिल्या वर्षी टँकरच्या पाण्याने कूलर भरताना मला रडू आलं होतं. आता सवय झाली.

साप निघतात. रिकाम्या प्लॉटवर गवत कमरेएवढं वाढतं. घाबरवत नाहीये, सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर लावलाय एवढंच.

मॅचच्या दिवशी जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमला लोक आले की वर्धा रोडचं काय होतं ते पेपरात वाचता तुम्ही. आम्ही त्यात असतो. एकदा मी चिंचभुवनहून घरी पोचायला दोन तास घेतले, आणि घराच्या गच्चीवरून तर फ्लडलाइट दिसतात.

आता चांगलं. सासऱ्यांना रात्री दीड वाजता छातीत दुखलं, एम्सला पोचायला तेरा मिनिटं लागली. धरमपेठेत असतो तर दवाखाना जवळ असता, पण त्या वेळी बेड मिळाला असता का माहीत नाही. हवा शुद्ध. रात्री झोप अशी लागते की सकाळी भारद्वाज ओरडला की जाग येते. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया, सरगुंडे, पापड, सगळं घालते. शहरातल्या जावा डबे घेऊन येतात माझ्याकडे. वर्षातून तेव्हाच येतात म्हणा.

एकच प्रश्न विचारते. तुम्ही आणि वहिनी दिवसभर बाहेर असाल. घरात दिवसभर कोण असतं? लांबचं घर ऑफिसला जाणाऱ्याला कमीच टोचतं. त्याचा दिवस गावातच जातो, घरी तो फक्त झोपायला येतो. आमच्याकडे ते मला टोचलं. पहिली दोन वर्षं कामाला बाई मिळाली नाही, भाजीवाला नाही, शेजारचे चार फ्लॅट कुलूपबंद, कारण ते गुंतवणूकवाल्यांचे. संध्याकाळी सात वाजता सबंध बिल्डिंगमध्ये तीन दिवे.

मनीषनगरकर:
वाळवणताई, तीन दिव्यांचं अगदी खरं. धागाकर्ते, संध्याकाळी साडेसातला जाऊन किती खिडक्यांत उजेड आहे ते मोजा.

पुस्तकी_किडा:
सगळे जामठ्यालाच धोपटताय. ७१ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर चढवणार का? आणि शहरात म्हणजे सुरक्षित हाही भ्रम सोडा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा पाणी शिरलं ते नागपूरच्या महागड्या वस्त्यांत. नरेंद्रनगरच्या अंडरपासमध्ये दर पावसाळ्यात काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे.

तर्रीबाज:
तळमजला नको, तिसरा मजला नको, जामठा नको. नागपूरच नको असं ठरवा.

ऊनपाऊस:
सगळ्यांना उत्तरं देतो, थोडं लांबेल.

बुधवारी रजा टाकली. सकाळी सव्वासहाला स्कीमच्या गेटवर उभा होतो, बायकोची वेळ म्हणून. सातच्या शाळेला तिला तिथून सहालाच निघावं लागेल. अंधार, धुकं आणि हायवेवर फक्त ट्रक. मग नऊला माझी वेळ: सिव्हिल लाइन्सला पोचलो दहा वाजून सात मिनिटांनी. रविवारी वीस मिनिटं लागली होती ती फक्त छत्रपतीपर्यंतची, हे मी स्वतःला सांगायचं विसरलो होतो.

संध्याकाळी सगळ्यांना घेऊन पुन्हा गेलो. खिडक्या मोजल्या. ४८ फ्लॅटचा पूर्ण झालेला पहिला टॉवर आहे, उजेड नऊमध्ये.

आता गंमत ऐका. वाळवणताईंचा प्रश्न वाचून मी आईचीच काळजी करत होतो. आई गाडीतून उतरली, चप्पल काढली आणि ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं. "चांगली माती आहे रे, उगाच बिल्डिंग बांधली." चौकीदार कोंढाळीचा निघाला. आमचं गाव तिथून जवळ. अर्धा तास दोघं संत्र्याच्या आंबिया बहारावर बोलत बसले. परत येताना म्हणाली, "मला इथे करमते. त्रिमूर्तीनगरात तरी कोण येते माझ्याशी बोलायला? सगळ्या बाया मालिका पाहतात."

गप्प होती ती मुलगी. घरी आल्यावर तिने वहीचं पान समोर ठेवलं. शिकवणी साडेआठला सुटते. शंकरनगर ते सिताबर्डी मेट्रो, तिथे बदलून खापरी. खापरीहून घर सात किलोमीटर, त्यातला शेवटचा दीड बिनदिव्यांचा. खाली लिहिलं होतं: "बाबा घ्यायला येणार = बाबांचं जेवण १०." पुढची तीन वर्षं दहावी-बारावीची आहेत, हे आम्हा दोघांच्याही हिशोबात नव्हतं. तिच्या होतं.

हिशोबी:
त्या पोरीला माझ्याकडे पाठवा. एक्सेल शिकवतो.

पटवारीबुवा:
आणि कागद?

ऊनपाऊस:
बुवा, तुमचं ऐकून साइट पाहिली. पूर्णत्वाची तारीख दोनदा पुढे ढकललेली आहे. मंजुरी एनएमआरडीएचीच आहे, ते ठीक. दहा टक्क्यांचं विचारलं तर पोरगा म्हणाला, "सर, एवढे नियम पाहाल तं घर नाही होणार तुमचं." मी म्हटलं, बरं. बयाना दिला नाही.

दोन दिवसांनी त्याचाच फोन, आता तीन लाखही चालतील म्हणे. पार्किंग तरीही फुकट.

शिफ्टवाला:
तीन लाखांवर आला म्हणजे गिऱ्हाईक नाही. घाई तुम्हाला नाही, त्याला आहे.

मनीषनगरकर:
मधलं काही पाहिलं का? चिंचभुवन, बेलतरोडी? एअरपोर्ट साउथ स्टेशन चिंचभुवनच्या अंगावरच आहे. भाव जामठ्याहून जास्त पण पोरगी रात्री मेट्रोतून उतरून घरी येऊ शकते. बेसा-पिपळ्याकडे स्वस्त आहे, आता नगरपंचायतही झाली, पण रस्ते आधी पाहा. हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आलं तेव्हा तिकडच्या माझ्या साडूकडे आधी टॅक्सची पावती आली, गटार लाइन पुष्कळ नंतर.

ऊनपाऊस:
तेच केलं, पण विकत नाही घेतलं. चिंचभुवनला २ बीएचके अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने, दुसरा मजला, लिफ्ट आहे. स्टेशनला मुलीने स्वतः चालून पाहिलं, नऊ मिनिटं, रस्त्यात दिवे. बायकोची शाळा इथूनही लांबच पडते, ती त्रिमूर्तीनगरच्या मानाने वीस मिनिटं आधी उठणार आहे. तिला विचारलं तर म्हणाली, मी तशीही उठतेच.

१० लाख बँकेत पडून आहेत. मुलीची बारावी होईपर्यंत जामठ्याच्या त्या स्कीममध्ये किती खिडक्या उजळतात ते अधूनमधून जाऊन मोजणार आहे. आई नाराज आहे, कारण इथल्या गच्चीला सोसायटीचं कुलूप. शनिवारी सामान हलतंय. तिचा सोऱ्या तिने स्वतःच्या पिशवीत घेतलाय, ट्रकवाल्याकडे द्यायला तयार नाही.

तर्रीबाज:
शनिवारी सामान उतरवाले मी येतो. तर्री-पोहे मातर तुमच्याकडून.

वाळवण:
आईंना सांगा, आमच्या गच्चीला कुलूप नाही. मार्चमध्ये गव्हाचा चीक मी काढून ठेवते, सोऱ्या त्यांनी आणावा. मॅचची तारीख तेवढी बघून या.